पिस्त्याचा सोमवार

…आणि वर मलाच विचारतात, "काय तांडेल, त्या मुंगसाला घाबरलात म्हणे?" अरे मुंगूस न्हाय तो! फेरेट! परदेशातलं पाळायचं जनावर हाय ते! आख्ख्या रेवदंड्याच्या कोळीवाड्याला हे एकच सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली. आणि घाबरलात म्हणजे काय? घाबरलो! सरळ सांगतो, लाज कसली? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं बोट हाकली मी. एकदा खांदेरीच्या बाहेर इंजिन बंद पडलं, वारा असला की डोक्यावरचा टॉवेल उडाला तो उडालाच, चार खलाशी देवाचं नाव घेत बसलेले, आणि मी? मी बिडी पेटवायला काडेपेटी शोधत होतो! तो मी… तोच मी, हातभर लांबीच्या, किलोभर वजनाच्या जनावरापुढं पालथा पडून, त्याच्या नाकाला कान लावून बायकोला ओरडतोय, "नले, जित्ता हाय का बघ गो!"

दिवसातून किती वेळा? मोजायचं सोडून दिलं मी.

आता हे ध्यान आमच्या घरात आलं कसं? तर पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते, हाताला काम न्हाय, म्हणून मी थेरोंड्याकडच्या एका बंगल्याची राखण करतो. शेट मुंबईचे, गुजराती, माणूस सोन्यासारखा, पण घरात कांदासुद्धा विचारून आत येतो. त्यांची पोरगी अमिषा, अठरा वर्षांची, तिला पुढं शिकायला परदेशात जायचंय, तर कॉलेज बघायला बापलेक दोन आठवडे निघाले. जायच्या आदल्या दिवशी पोरगी माझ्या ओटीवर येऊन उभी. "अनंताकाका, पिस्ताला ठेवाल ना? प्लीज! मुंबईत कुठंच जागा नाही मिळत!" मला वाटलं, पिस्ता म्हणजे डब्यातला. म्हटलं, ठेव की, पिस्त्याला काय जागा लागते! तिनं पिशवीची चेन उघडली… आणि आतून एक मफलर चालत बाहेर आला! लांबच लांब, पांढरा-तपकिरी, डोळ्यांभोवती काळी पट्टी, चोराची असते ना तशी! नलू दारातून बघत होती. ती म्हणाली, "अगो बाय, मुंगूस!" तिथनं सुरू झालं ते.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग पोरीनं तो कागद काढला. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावलेला, माझ्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिलेला, वर मोठ्या अक्षरात: पिस्ता आजारी आहे हे कसं ओळखायचं! आणि खाली… अहो, काय काय ते! जेवण टाकलं तर. मागचे पाय लटपटले तर. लाळ गळली, पंजानं तोंड ओरबाडलं तर. डोळे एका जागी थिजले तर. शी डांबरासारखी काळी झाली तर. शेपटीचे केस गळले तर. रबराचा तुकडा गिळला तर. हिरड्या गुलाबी सोडून पांढऱ्या दिसल्या तर… आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, 'ताबडतोब डॉक्टर'! मी म्हटलं, पोरी, एवढं सगळं याला एकट्याला होतं? तर ती डोळे मोठे करून म्हणते, "काका, हे लोक आजार लपवतात. शेवटपर्यंत दाखवतच नाहीत. म्हणून बघत राहायचं. आणि दर चार तासांनी खायला द्यायचं हां, विसरू नका!"

बघत राहायचं! झालं. त्या दोन शब्दांनी माझी झोप गेली. तुम्हाला सांगतो, जे दिसतं त्याला माणूस भीत न्हाय. लाट येताना दिसते, खडक दिसतो. पण हा लपवणार आणि मी ओळखायचं? घरात मांजर कधी पाळलं न्हाय आम्ही!

आणि गंमत ऐका. त्याचं खाणं म्हणजे मांसाचे दाणे. शेटच्या घरी, जिथं अंडं म्हटलं तरी लोक खिडकी उघडतात, तिथं हा एकटा बहाद्दर गॅलरीत वेगळ्या ताटलीत कोंबडी चापत होता. आणि आता आला कोळ्याच्या घरी. म्हणजे माहेरीच आला म्हणायचं की न्हाय? पण आला कधी? श्रावणात! श्रावणात आमच्या घरी नारळी पुनव होईपर्यंत सुकटीचा वास येत न्हाय. नलूचं व्रत कडक. तिनं दाण्यांची पिशवी दोन बोटांत धरली आणि ओटीवर खुंटीला टांगली. "याचं जेवण इथं. उंबऱ्याच्या आत न्हाय." बरं, म्हटलं.

पहिलाच दिवस. दुपारी बघतो तर पिस्ता गोधडीत आडवा. हाक मारली, हालेना. बोट लावलं, हालेना. उचलला, तर मान एकीकडं, पाय एकीकडं, ओल्या टॉवेलागत लोंबतोय आणि अंग गार! त्या पोरीला काय सांगू? विमानात बसली नसेल अजून! मी ओरडलो, "नले, जित्ता हाय का बघ गो!" नलू यायच्या आधी शेजारची नीराबाई हजर. हिला रडायला निमित्त लागतं, ती दारातूनच पदर डोळ्याला लावून, "गेलं गो बाय! शेटचं मुंगूस गेलं! अनंता, तुझी नोकरी गेली रे!" म्हटलं, बाई, आधी तू गप!

मग आली नलू. आता नलूनं बावीस वर्षं अलिबागच्या बाजारात मासळी विकलीय. पापलेट हातात आलं की ती काय करते? अंगठ्यानं कल्ला वर उचलते. लाल असला तर ताजा, फिका असला तर शिळा, दुसरी गोष्ट न्हाय. तिनं टोपलीतला मासा उचलावा तसा पिस्ता उचलला, अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला, उजेडाकडं धरला, आणि म्हणाली, "कल्ला गुलाबी हाय. ताजा हाय. जेवून घ्या तुमी." आणि तुम्हाला सांगतो, त्या हरामखोरानं तिच्या हातात आळस दिला! एवढा मोठा आ केला! झोपला होता हो! यांची झोपच तशी असते म्हणे, मेल्यासारखी. कागदाच्या मागच्या बाजूला अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. आता हे वर नको लिहायला?

पुढचे आठ दिवस विचारू नका. एका संध्याकाळी हा पाठीची कमान करून उलटासुलटा उड्या मारायला लागला, दातातून कुटकुट आवाज, भिंतीवर आपटतोय, परत उडतोय! नीराबाई म्हणाली, "झपाटलं! लिंबू आणा!" मी कागद आणला. तर ती त्याची आनंदात नाचायची रीत! माझा जीव जातोय आणि हा आनंदात हाय! एकदा माझ्या चपलेचा रबराचा अंगठा गायब. रबर गिळलं तर ताबडतोब डॉक्टर! मी धर्माजीची रिक्षा बोलावली, चौलच्या नाक्यापर्यंत गेलो, आणि फोन आला नलूचा, "अंगठा सापडला, माझ्या परकराच्या घडीत लपवून ठेवलान मेल्यानं." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हा रिक्षातच जागा झाला आणि धर्माजीच्या मानेवर चढला. तिसऱ्यांदा धर्माजी म्हणाला, "तांडेल, यापुढं आधी नलूवहिनीचा अंगठा, मग माझी गाडी." कोळीवाडा हसतोय. पोरं मला बघून माना टाकून लोंबायला लागली. हसा म्हटलं, हसा! पण मनात सांगू का काय होतं? मला वाटायचं, एवढ्या वेळा खोटं निघालंय, म्हणजे खरं कुठंतरी दबा धरून बसलंय.

आणि आला सोमवार. श्रावणी सोमवार.

सकाळी नलू न्हाऊन, ओल्या केसांनी, पूजेची परडी भरत होती. मध, दूध, दही, साखर, बेलाची पानं. चौलला रामेश्वराला जायचं होतं बायकांना. मी ओटीवर दाण्यांची पिशवी काढायला खुंटीकडं हात केला, तर आतून आवाज, "आज न्हाय." म्हटलं, काय न्हाय? "आज सोमवार. आज या घरात मांसाचा दाणा फिरायचा न्हाय. ओटीवरबी न्हाय. सगळ्यांचा उपास, त्याचाबी उपास. एक दिवसानं काय मरतोय?"

आता इथं… इथं मी बोलायला पायजे होतं की न्हाय? तांडेल मी! पण इतक्या वर्षांचं व्रत आणि ओले केस, समोर कोण बोलणार? मी कागद काढला. पुढनं बघितला, मागनं बघितला. दर चार तासांनी खायला द्यायचं असं होतं. सोमवारबद्दल एक अक्षर न्हाय! मग मी मनाची समजूत घातली, खायला द्यायचं म्हटलंय ना? देतोय की! केळं दिलं. अहो, काय आवडीनं खाल्लंन! मग गूळ लावलेलं रताळं. मग राजगिऱ्याचा लाडू. मिशीला लाडू लावून असा बघतोय, की नीराबाईनं हातच जोडले. "भक्त हाय गो! मागच्या जन्मीचा कोणतरी भक्त हाय!" मलाबी बरं वाटलं. म्हटलं, बघा, आमच्या घरात आलं की मुंगूससुद्धा सुधारतं. मीच मुंगूस म्हणालो! बायका देवळात गेल्या.

दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर पाऊस झिमझिमत होता, मी जाळं शिवत बसलेलो. पिस्ता उठला, माझ्याकडं यायला निघाला, आणि… मागचे पाय आलेच न्हाईत. पुढचे दोन चालतायत, मागचे ओढत येतायत. दोन पावलं आला, बसला. परत उठला, परत बसला. आणि डोळे! माझ्याकडं होते, पण मला बघत न्हवते. मग तोंडातून लाळ, आणि पंजानं तोंड ओरबाडायला लागला, काहीतरी चिकटलंय आणि निघत न्हाय असं.

तुम्हाला सांगतो, मला कागद बघायची गरज पडली न्हाय. एक, दोन, तीन ओळी माझ्यासमोर जमिनीवर पडल्या होत्या. आठ दिवस मी ओरडत होतो ना? त्या दिवशी ओरडता येईना. मी त्याला उचलला, छातीशी धरला, आणि मला एवढंच कळत होतं की याला आम्ही उपाशी ठेवलाय, आणि हा आता माझ्या हातात जाणार, आणि ती पोरगी म्हणाली होती, बघत राहा. बघत तर होतो की मी! केळं खाताना बघत होतो, हसत होतो!

तेवढ्यात नलू आली, परडी हातात. मी नुसता पुढं केला त्याला. तिनं विचारलं न्हाय काही. परडी खाली ठेवली, अंगठ्यानं ओठ वर केला, उजेडाकडं धरला. म्हटलं, नले, जित्ता हाय ना? बोल गो! ती हळूच म्हणाली, "कल्ला फिका हाय."

बाजारात हा शब्द मी हजार वेळा ऐकलाय. शिळ्या मासळीला लावतात तो.

कागदाच्या शेवटी लाल अक्षरात होतं, असं झालं तर डॉक्टरकडं पोचेपर्यंत हिरडीला थोडा मध चोळा, घशात ओतू नका. मध! घरात मध कुठला? नलूनं परडीत हात घातला. अभिषेकाचा उरलेला मध, वाटीत, तळाला. त्याच अंगठ्याला लावला आणि हिरडीवर चोळला, हळूहळू, ओटीवर मांडी घालून. मी धर्माजीला फोन लावला. तो म्हणतो, "झोपला असंल हो तांडेल." नलूनं फोन घेतला, "भावजी, मी बघितलाय." एवढंच. दोन मिनिटांत रिक्षा दारात! आणि तुम्हाला सांगतो, रेवदंडा ते अलिबाग, त्या खड्ड्यांतनं, ती रिक्षा पुलावरनं गेली की पुलाखालनं, मला सांगता येणार न्हाय. मी एकच विचारत होतो, "जित्ता हाय का बघ… जित्ता हाय का बघ…" आणि नलू प्रत्येक वेळी ओठ वर करून सांगायची, "हाय. हाय. हाय अजून."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीण होत्या, दीक्षा मॅडम, तरुण पोरगी. पुढं एक बैल, दोन शेळ्या. त्यांनी एक नजर टाकली आणि बैलाला थांबवला! बैल थांबला हो आमच्यासाठी! आत घेऊन रक्ताचा एक थेंब काढला, यंत्रात घातला. मला म्हणाल्या, "काका, खरं सांगू, मी फेरेट पुस्तकातच बघितलाय. पण मुंबईला माझे सर आहेत, त्यांना लावते फोन." फोन कानाला, आणि मग आम्हाला प्रश्न. "साखर फार खाली गेलीय. आज काय खाल्लं यानं?"

मी छताकडं बघितलं. नलूनं जमिनीकडं बघितलं.

"काका, काय खाल्लं?"

नलू म्हणाली, "उपास होता."

"कुणाचा?"

"…त्याचा."

मॅडमनी फोन जरा लांब धरला. "फेरेटचा उपास?" "सोमवार ना," मी म्हटलं, "श्रावणी. केळं दिलं, रताळं दिलं, लाडू दिला…" तिकडनं सरांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. काय म्हणाले ते सांगत न्हाय. मॅडमनी आम्हाला शांतपणे सांगितलं, "याला गोड चालत नाही. गोड खाल्लं की साखर आधी चढते आणि मग धाडकन पडते. मध शुद्धीवर आणण्यापुरता ठीक, लावलात ते बरं केलंत. पण आता याला मांस पाहिजे. आत्ता. पावसात कुठून आणायचं?"

नलूनं परडी उचलली. बेलाची पानं बाजूला केली. आणि खालून काढली ती दाण्यांची पिशवी! ओटीवरच्या खुंटीवरनं, निघतानाच, मला कळायच्या आत, देवाच्या परडीत टाकली होती हिनं! पाण्यात दाणे कुस्करले, बोटावर घेतले आणि पिस्त्याच्या ओठाला लावले. मी म्हटलं, नले, तुझा सोमवार! ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "शंकराच्या गळ्यात नाग हाय. त्याला काय तो साबुदाणा घालतो?"

आणि पिस्त्यानं जीभ बाहेर काढली. एकदा चाटलंन. परत चाटलंन. मग बोट दोन्ही पंज्यांत धरलंन. मी तिथं, बैलाच्या मालकासमोर, टॉवेल तोंडाला लावून रडलो. सांगून टाकतो.

मॅडम म्हणाल्या, आजार आतला दिसतोय, जुना, वय झालं की यांना होतो, लपून बसलेला असतो. उपासानं वर आणला एवढंच. आता रोज दोन वेळा औषध, दर चार तासांनी मांस, गोड बंद. आणि बघत राहायचं. म्हटलं, मॅडम, ते शेवटचं मला येतं.

पण खरी भीती पुढंच होती हो. पोरीला सांगायचं. नलू म्हणाली, "मी सांगते, उपास माझा." म्हटलं न्हाय, राखण माझी. व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ होती, पोरगी हसत आली, "पिस्ता कसा आहे, काका?" आणि मी सगळं सांगितलं. केळं, रताळं, लाडू, लाळ, पाय, सगळं, एका दमात. तुम्हाला सांगतो, खांदेरीच्या बाहेर इंजिन बंद पडल्यावर इतकी शांतता न्हवती. मग नाक ओढून म्हणाली, "काका, मुंबईत दुपारी घरी कुणीच नसतं. तिथं झालं असतं तर मला संध्याकाळी कळलं असतं." आणि रडली. मीबी रडलो. नलू ओरडली, "फोन ओला होईल!"

मग डोळे पुसून पोरगी काय म्हणते? "काका, मी तिकडं शिकायला गेले ना, की पिस्ता तुमच्याकडेच राहील. तीन वर्षं. तुम्हालाच लक्षणं कळतात."

तीन वर्षं!

हो म्हटलं. तेव्हापासून गजर लावून उठतोय, औषध देतोय, शी बघतोय, शेपटीचे केस बघतोय. माझं वजन उतरलं, डोळे थिजले, जेवण जात न्हाय, जिना चढताना मागचे पाय लटपटतात, मागचे म्हणजे… माझे दोनच आहेत म्हणा. काल ओटीवर टेकलो आणि लागली झोप, मेल्यासारखी. जागा झालो तर छातीवर पिस्ता, माझ्या नाकाला नाक लावून. कुंपणावरनं नीराबाई, "अगो नलू, अनंता गेला वाटतं गो!" आणि नलू आली. पिठाचे हात. अंगठ्यानं माझा ओठ वर केला, उजेडाकडं धरलं, आणि म्हणाली, "जित्ता हाय. उठा, चार वाजले."

उठलो. समोर दोन ताटल्या. काल परत सोमवार होता ना! त्याच्या ताटलीत उकडलेली कोंबडी, वाफ येतेय. माझ्या ताटलीत साबुदाणा. म्हटलं, नले, माझीपण लक्षणं बघ की गो, मलाबी अशक्तपणा आलाय!

तर म्हणते, "तुमचा कागद कुठाय?"

…खाल्ला साबुदाणा. करतो काय!